मेलेला माणूस श्वास घेत नव्हता

पत्र थोडक्यात असं: बँकेतून निवृत्त झालेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या एका वाचक ताई गेल्या वर्षी तीन महिने लेकीकडे व्हिएन्नाला होत्या. लेक-जावयाला कामावरून यायला उशीर, टीव्हीवर सगळं जर्मन, म्हणून त्या संध्याकाळी तिथल्या सरकारी ऑपेरात (ऑपेरा म्हणजे बहुतेक सगळं गाऊनच होणारं पाश्चात्त्य नाटक) उभ्याच्या स्वस्त तिकिटावर जायला लागल्या. अकरा प्रयोग पाहिले. परत आल्यावर त्यांनी एक विनोदी रहस्यकादंबरी लिहायला घेतली. 'तोस्का' या इटालियन ऑपेराच्या प्रयोगात खलनायकाचं काम करणारा गायक रंगमंचावर खरोखरच मरतो आणि लेकीकडे आलेली एक मराठी मावशी खुनी शोधून काढते. सात प्रकरणं झाली आणि गाडी अडली. त्यांच्या लेखनगटातल्या एकीचं म्हणणं, खून ही काय हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे? दुसरी म्हणते, ऑपेरातलं आपल्याकडे कोणाला काय कळतं, त्यापेक्षा एखादी संगीत नाटक कंपनी घे. ताईंची स्वतःची काळजी वेगळीच आहे. मावशींना ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही, मग तपास कसा करणार? त्यांना संगीतात एम.ए. करून टाकावं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'लेकीला अजून वाचायला दिलेलं नाही.'

नमस्कार ताई,

पत्रासोबतची सातही प्रकरणं वाचली. क्लोकरूमच्या काउंटरवर मावशी कोट देतात, बिल्ला घेतात आणि मग कोटाच्या खिशात चकल्यांची पिशवी राहिली म्हणून तीनदा परत जातात, तिथे मी मोठ्याने हसलो. एम.ए. झालेल्या बाईने हे केलं नसतं. पण त्याकडे नंतर येतो.

आधी खुनाचं. मैत्रिणीचा आक्षेप पटला नाही तरी नीट ऐकून घ्यावा असा आहे. फक्त तो ऑपेराच्या दारात घेऊन जाऊ नका, कारण तिथे तो टिकणार नाही. मोझार्टचा 'डॉन जोव्हान्नी' १७८७ साली प्राग शहरात पहिल्यांदा झाला. सुरुवातीलाच नायक एका म्हाताऱ्या सरदाराला तलवारीने मारतो. प्रेत समोर पडलंय, आणि अंधारात लपलेला नोकर लेपोरेल्लो मालकाला विचारतो, मेलं कोण? तुम्ही की म्हातारा? या ऑपेराच्या संहितेवर लिहिलेला प्रकारच मुळी 'विनोदी नाटक' अशा अर्थाचा आहे. आणि गंमत म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत अकरा वेळा उभ्या राहिलात, ती १८६९ मध्ये उघडली तीच या ऑपेराने. 'तोस्का'चा संगीतकार पुच्चिनी, याने त्यानंतर अठरा वर्षांनी 'जान्नी स्किक्की' केला. त्यात घरातला म्हातारा नुकताच वारलाय, नातेवाईक वरवर रडताहेत आणि खालून मृत्युपत्र शोधताहेत. ते मनासारखं निघत नाही तेव्हा मुडदा हलवून त्याच्या जागी दुसऱ्याच माणसाला झोपवतात आणि वकिलाला बोलावून नवं मृत्युपत्र सांगायला लावतात. आपल्याकडे तेराव्याच्या आधी सात-बारा काढणारी मंडळी पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

तरीही तुमच्या मैत्रिणीला काहीतरी खुपलंय, आणि मला वाटतं काय ते मला सापडलं. तुमचा बॅरिटोन, म्हणजे तो मधल्या पट्टीच्या आवाजाचा खलनायक गायक, मरतो आणि कादंबरीत एकाही माणसाला त्याचं काही वाटत नाही. रंगमंचावर खलनायक, रंगमंचामागेही खलनायक. सहकाऱ्यांवर ओरडतो, पैसे बुडवतो, बायकांना त्रास देतो. संशयितांची रांग लागावी म्हणून तुम्ही हे केलंत, ते कळतं. पण मग तो माणूस राहत नाही, कोडं सोडवायची सोय होते. एक कोणीतरी ठेवा ज्याला तो गेल्याने घरी जाऊन जेवण गेलं नाही. वेशभूषेतली बाई असेल, जिच्याकडून तो दर प्रयोगाआधी कोटाचं तेच एक सैल बटण लावून घ्यायचा. अर्ध्या पानाचं काम आहे. मग बाकी अडीचशे पानं हवं तितकं हसा, कोणी बोट उचलणार नाही.

एवढी एक मर्यादा मात्र पाळा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९८० साली प्रयोगाच्या मध्यंतरात वाद्यवृंदातल्या एका व्हायोलिनवादक स्त्रीचा खरोखर खून झाला होता. अशा घटनेचे तपशील उचलून त्यावर मावशींना नाचवू नका. तिच्या घरची माणसं आहेत.

आता 'संगीत नाटक कंपनी घे' या सल्ल्याबद्दल. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' झालं तेव्हापासूनच्या त्या जगावर कोणी झकास रहस्यकथा लिहिली तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन. पण ती तुमची कादंबरी नाही. तुमच्याकडे जे आहे ते उभ्याच्या जागेवरून पाहिलेलं आहे. पाचव्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय की व्हिएन्नात उभ्याच्या रांगेत जागा मिळाली की लोक समोरच्या कठड्याला मफलर बांधतात आणि खुशाल कॉफी प्यायला निघून जातात, त्या जागेला कोणी हात लावत नाही. मावशी बघतात, हसतात आणि आपली ओढणी बांधतात. ताई, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला ऑपेरा कळणार नाही, असं तुमच्या मैत्रिणीला का वाटतं? त्या एका परिच्छेदात व्हिएन्ना स्वारगेटला येऊन टेकलं.

आणि तुम्ही तो परिच्छेद वाया घालवलात! गंमत म्हणून लिहून पुढे गेलात. अहो, कठड्याला बांधलेला मफलर म्हणजे 'मी परत येणार आहे' असं लिहून ठेवलेलं आहे. मग दुसऱ्या अंकानंतर एक मफलर तसाच राहिला आणि त्याचा माणूस परत आलाच नाही, तर? थंडीच्या दिवसांत, व्हिएन्नात, मफलर सोडून कोण जातं? मावशींनी तो सोडून घरी नेला, सर्फमध्ये धुतला आणि त्याबरोबर पुरावाही धुऊन टाकला, असंही करता येईल. हे तुमचं तुम्ही ठरवा.

कादंबरी ऑपेरातच का हवी, याचं दुसरं कारण 'तोस्का'च्या आत आहे. तुम्हाला ते माहीत आहे, पण वापरलेलं नाही. हा ऑपेरा १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये पहिल्यांदा झाला आणि त्याची सगळी मदार खोट्या मरणावर आहे. पोलीसप्रमुख स्कार्पिया तोस्काला सांगतो की तुझ्या प्रियकराला गोळ्या घालण्याचं आम्ही फक्त नाटक करू. तिसऱ्या अंकात कळतं, नाटक नव्हतं, गोळ्या खऱ्या होत्या. म्हणजे खोटं मरण खरं निघणं ही युक्ती तुमच्याआधी कथेनेच केलेली आहे. (कधीकधी प्रयोगातही तसं होतं. १९९५ साली इटलीतल्या माचेराता इथे याच दृश्यातल्या बारांनी टेनरचा, म्हणजे प्रियकराचं काम करणाऱ्या वरच्या पट्टीच्या गायकाचा, पाय जखमी झाला होता. तो वाचला.)

आता दुसऱ्या अंकाचा शेवट डोळ्यांपुढे आणा. स्कार्पिया त्या दोघांना शहराबाहेर जाऊ देणारा परवाना लिहितोय. तोस्का जेवणाच्या टेबलावरचा वाइनचा ग्लास घ्यायला जाते, तिला सुरी दिसते, ती त्याला भोसकते. तो पडतो. आणि नंतर ती लगेच पळत नाही. हात धुते, आरशात बघून केस सारखे करते, त्याच्या मुठीतून परवाना सोडवून घेते, दोन मेणबत्त्या आणून त्याच्या डोक्याशी ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. मग पडदा. एवढा वेळ बॅरिटोन जमिनीवर पडून आहे. तुमच्या कादंबरीत कोणीतरी खोटी सुरी बदलून खरी ठेवली आहे. माफ करा, पण पहिल्या प्रकरणात 'तोस्का' हे नाव वाचल्यावर निम्मे वाचक सुरीपाशी जाऊन बसलेले असतील. शिवाय खरी सुरी लागली तर रक्त येणार, गायिकेच्या हाताला कळणार, ती किंचाळणार. रहस्य दीड मिनिटात संपलं. सुरी खोटीच राहू द्या. त्याला मरण आधी किंवा नंतर, दुसऱ्याच कशाने येऊ द्या, आणि ते कोणाला कळू देऊ नका.

कोणालाच म्हणजे, मावशी सोडून.

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात दरवर्षी अफझलखानाचा वध व्हायचा. खान व्हायचे तळमजल्यावरचे एक काका. वजन भरपूर, मरताना डरकाळी फोडायचे आणि मग पुढची दहा मिनिटं शिवाजी महाराजांचं भाषण चालू असताना त्यांचं पोट भात्यासारखं वर-खाली व्हायचं. पुढच्या रांगेतली पोरं ते श्वास मोजायची. मेलेला नट श्वास घेतोच. त्यातून ऑपेराचा गायक, घसा फोडून गायलेला, धडपडून पडलेला, त्याची छाती तर हलणारच. छोटी दुर्बीण लावून उभ्या असलेल्या मावशींच्या शेजारचा जाणकार म्हातारा डोळे मिटून सुरांत बुडालाय. आणि मावशींना, ज्यांना सुरांतलं काही कळत नाही म्हणून ज्या बघण्यापलीकडे काही करूच शकत नाहीत, त्यांना दिसतं की हा मेलेला माणूस श्वास घेत नाहीये.

यासाठी कुठल्या विद्यापीठात एम.ए. मिळतं सांगा.

तुमच्या पत्रातलं गृहीतक असं की शोध घेणाऱ्याला त्या जगाचं ज्ञान हवं. मला उलटं वाटतं, निदान या प्रकारच्या कथेत तरी. ज्ञानी माणूस काय दिसायला हवं ते बघतो. नवखा माणूस आहे ते बघतो. अनोळखी जागेत रहस्यकथा रचणाऱ्या बऱ्याच जणांना ही भीती असते. कोणाची कथा जहाजावर असते, कोणाची प्रयोगशाळेत, आणि मग ते तीन महिने वाचन करून सगळं पानभर ओततात. तुमच्या चौथ्या प्रकरणात ऑपेराचा इतिहास साडेतीन पानं चालतो. तो काढा. मावशी जिथे जाऊ शकतात तेवढंच जग ठेवा: तिकिटाची रांग, उभ्याची जागा, क्लोकरूम, कॉफीचा काउंटर, मागचं दार. रंगमंचामागचं काही हवं असेल तर ते मावशींना कोणाकडून तरी मिळवायला लावा, चकली देऊन का होईना.

आणि खरा तपासही अनेकदा असाच लागतो. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव, याने स्वतः स्टॉकहोममध्ये ऑपेराघर उभं केलं, आणि १७९२ च्या मार्चमध्ये त्याच ऑपेराघरात मुखवट्यांच्या नाचात त्याच्यावर मागून गोळी झाडली गेली. तेरा दिवसांनी तो गेला. खोलीभर माणसं, सगळ्यांचे चेहरे झाकलेले, मारेकरी पिस्तुलं तिथेच टाकून गर्दीत मिसळला. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हात जोडावेत अशी मांडणी! पण दुसऱ्या दिवशी शहरातल्या बंदुका करणाऱ्या कारागिरांना पिस्तुलं दाखवली, तर एकाने ओळखलं: ही तर मी दुरुस्त करून दिली होती, अँकरस्ट्रोम साहेबांना. खेळ संपला. पुढे इटालियन संगीतकार व्हर्दीने यावर ऑपेरा केला, तर राजाचा खून रंगमंचावर नको म्हणून सेन्सॉरने त्याला कथा पार अमेरिकेतल्या बॉस्टनला न्यायला लावली. आपला शिंपी नाही का, उसवलेली शिवण बघून 'हे माझं काम नव्हे' म्हणतो? तुमच्या कथेत त्या कारागिराच्या जागी कोण आहे, ते शोधा. ती सैल बटण लावणारी बाई मला सारखी आठवतेय.

एक सोयीची गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या अंकात स्कार्पियाला कामच नाही. म्हणजे तो मेला तरी प्रयोग पुढे चालू शकतो! व्यवस्थापक घामाघूम होऊन ठरवतात की तिकिटाचे पैसे परत करण्यापेक्षा तिसरा अंक करून टाकू. दोन हजार लोक टाळ्या वाजवताहेत आणि एकटी मावशी कठड्याशी उभी राहून मराठीत ओरडतेय, 'अहो, तो गेलाय!' आणि आजूबाजूचे 'शूऽऽ' करताहेत. तिथे कादंबरीचा पहिला भाग संपवा. नंतर गायिका पोलिसांना सांगते, मी छातीवर क्रूस ठेवला तेव्हा श्वास चालू होता. मावशी म्हणतात, नव्हता. दोघींपैकी एक खोटं बोलतेय, नाहीतर मावशींच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पोलिसांना अर्थात दुसरी शक्यता जास्त आवडते. आणि मावशींचा व्हिसा ९० दिवसांचा. खून ७९ व्या दिवशी होऊ द्या, म्हणजे पानं आपोआप पळतील.

इमारतीचं खरं नाव ठेवलंत तरी गायक, व्यवस्थापक, कर्मचारी सगळे मनाचे घ्या आणि कोणाही खऱ्या गायकावरून बेतलेले वाटणार नाहीत हे पाहा.

आता ती शेवटची ओळ. 'लेकीला अजून वाचायला दिलेलं नाही.' ताई, माझा अंदाज असा की गाडी अडली ती खुनापाशी नाही, ऑपेरापाशीही नाही. ती इथे अडलीय. सातही प्रकरणांतली लेक मी मुद्दाम पेन्सिलने खुणा करून पाहिली. ती एकूण नऊ वेळा येते. त्यातल्या सहा वेळा ती 'आई, प्लीज' म्हणते, दोनदा दार उघडते आणि एकदा फोनवर असते. ती वाचेल तर तिला काय वाटेल, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून दिलेलं नाही.

तिच्या बाजूने जरा बघा. ती तिथे रोज राहते. आई आठवड्यात चार संध्याकाळी एकटी बाहेर, भाषा येत नाही, रात्री अकराला ट्रामने घरी. 'आई, प्लीज'मध्ये वैताग जितका आहे, तितकीच धास्ती असेल. तुम्हाला ती धास्ती तेव्हा दिसली नसेल. लिहिताना दिसू शकते. तिचं विनोदी चित्र काढू नका असं मी म्हणत नाहीये. मावशी नऊ वेळा चुकतात आणि प्रत्येक वेळी आपल्याला त्या आवडतात, कारण आपण त्यांच्या डोक्यात आहोत. लेकीच्या डोक्यात आपण एकदाही जात नाही.

आणि तुमची एक तांत्रिक अडचणही तिथेच सुटते. मावशींना जर्मन येत नाही. तुम्ही सध्या सगळ्या व्हिएन्नाला सफाईदार इंग्रजी दिलंय, ते खोटं वाटतं. लेकीला दुभाषी करा. पण अशी दुभाषी, जी आईची लाज वाटून प्रश्न सभ्य करून विचारते. मावशी म्हणतात, 'विचार त्याला, इतका घाम का आलाय?' लेक जर्मनमध्ये विचारते, 'इथे जरा उकडतंय, नाही?' तो 'हो' म्हणतो. मावशी वहीत लिहितात: कबूल केलं. पुढची शंभर पानं चुकीच्या वाटेने जायला एवढं पुरे. आणि मग अकराव्या-बाराव्या प्रकरणात कधीतरी लेक पहिल्यांदा आईचा प्रश्न जसाच्या तसा, एकही शब्द न गाळता विचारते. तिथे मावशींना खुनी सापडेल असं मला वाटतं. लेक सापडेल हे नक्की.

तिला सगळं बाड एकदम पाठवू नका. हा दुभाषाचा प्रसंग आधी लिहा, मग तेवढाच पाठवा आणि कामाचं विचारा: उकडतंय हे व्हिएन्नातली माणसं कशी म्हणतील? क्लोकरूमची बाई चकलीच्या पिशवीला काय म्हणेल? 'कसं वाटलं' असं विचारू नका, त्यावर लेकी नेहमी 'छान आहे' म्हणतात. ती दुरुस्त्या करून पाठवेल. त्या दुरुस्त्यांमध्ये कुठेतरी 'आई, मी असं म्हणत नाही' असंही येईल. ते वाचून रागावू नका, संवाद बदला.

आणि हो, मावशींची ओढणी तुम्ही जांभळी केली आहे. इटालियन रंगभूमीवर जांभळा रंग अपशकुनी मानतात. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत चर्चमध्ये हा रंग असायचा आणि नाटकगृहं बंद राहायची, नटांचं पोट मारलं जायचं, म्हणून. तुमचा बॅरिटोन इटालियन आहे. उभ्याची जागा रंगमंचाच्या बरोबर समोर. रंग बदलून टाका, असं आधी लिहिणार होतो. पण त्याने गाता गाता कठड्याकडे पाहिलं असेल, तर?